माझ्या मागे दिपाली

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅच एक-एक अशी बरोबरीत सुटली, आणि ती माझ्यामुळे सुटली. हे आधी लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन.

शेवटची थोडीच मिनिटं उरली होती. आम्ही एका गोलने पुढे. मी फुल बॅक, म्हणजे माझ्या मागे फक्त आमची गोलकीपर दिपाली आणि गोल. त्यांच्या एका मुलीने डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बॉल ढकलला. तो माझ्या डाव्या बुटाला लागून बाहेर गेला; हॉकीत बॉलला पाय लागला की फाउल. अंपायर मॅडम पलीकडच्या बाजूला होत्या, मध्ये मुलींची गर्दी. त्यांना दिसलं नाही. शिट्टी वाजली नाही. त्या मुली "फूट, फूट" म्हणून ओरडत होत्या, पण तसं तर सगळेच ओरडतात. आम्हीही.

मी हात वर केला. "मॅडम, माझा पाय लागला."

पेनल्टी कॉर्नर दिला गेला, म्हणजे त्यांना थेट गोलवर संधी. पहिल्याच फ्लिकला बॉल उंच आला, दिपालीच्या दंडावर बसला, तिथून वळून आत गेला.

मॅच संपल्यावर आमची कॅप्टन नीलम सगळ्यांसमोर म्हणाली, "साध्वी रुचिरामाता की जय! पुढच्या मॅचला स्टिक नको आणू गं, जपमाळ आण." मुली हसल्या. मला चाललं असतं. पण दिपाली हसलीही नाही आणि चिडलीही नाही. तिने पॅड सोडले, बॅगेत कोंबले, आणि एका हाताने ती मोठी बॅग ओढत गेटकडे गेली. दुसरा हात ती हलवत नव्हती. स्टँडमध्ये बिलासपूरहून नोकरीसाठी खेळाडू बघायला आलेली दोन माणसं बसली होती. ती खास तिच्यासाठी आली होती, हे मला नंतर कळलं.

नाही, हे खरं नाही. मला सकाळीच माहीत होतं. हात वर करताना आठवलं नाही, एवढंच खरं आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

घाटकोपरला मातीवर प्रॅक्टिस. दिपाली आली, दंडाला पट्टी बांधून. माझ्याशी बोलली नाही.

गोलकीपरने फुल बॅकशी न बोलणं म्हणजे काय, हे हॉकी न खेळणाऱ्याला कसं सांगावं? माझ्या मागे काय चाललंय ते मला दिसत नाही. माझ्या समोर काय चाललंय ते तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं. दोन वर्षं मी तिच्या आवाजावर खेळते. कोणी बॉल घेऊन अंगावर आली की माझा पहिला विचार तिच्यावर जाऊन आदळायचा असतो. मी घाबरते म्हणून असेल. लहानपणी मला दमा होता, मी घराबाहेरच पडत नसे. कोणी वेगाने जवळ आलं की ती माझ्यावर यायच्या आधी मीच जाते. टीममध्ये मला रोलर म्हणतात. तर अशा वेळी मागून दिपालीचा आवाज येतो, "थांब, थांब, रुची, थांब... आता!" त्या "आता"ला मी स्टिक टाकते, आणि बॉल आपोआप माझ्याकडे राहतो. लोकांना वाटतं मला टायमिंग आहे.

आज ती नीलमला हाका मारत होती. मला फक्त "चार नंबर".

दोनदा धडकले. दुसऱ्यांदा आमच्याच एका मुलीचा ओठ फुटला. आमचे कोच मार्तंड सर, त्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

"चार नंबर, तुला हाडं मोडायचा कोर्स करायचाय का?"

"सॉरी सर."

"सॉरी तिला म्हण. आणि नीट ऐक. अंगावर जायला माझी ना नाही. जा. पण आधी पाय थांबव, मग हात चालव. तुझं उलटं आहे. या सीझनला दोन ग्रीन कार्डं झाली तुझी, दोन-दोन मिनिटं बाहेर बसलीस. आता बिनकामाचं एक जरी कार्ड घेतलंस ना, तर फायनल असली तरी तुला बसवीन."

दिपाली हेल्मेटच्या जाळीतून दुसरीकडे बघत होती.

३० नोव्हेंबर, रविवार

तिला मेसेज लिहिला. मोठा झाला, पुसला. लहान लिहिला, तो उद्धट वाटला. शेवटी "हात कसा आहे?" एवढं पाठवलं. तिने वाचलं.

३ डिसेंबर, बुधवार

साखळीतली शेवटची मॅच जिंकलो, दोन-एक. सेमीफायनलला गेलो. मी आज एकदाही कोणाला धक्का दिला नाही. एकही फाउल नाही. मला वाटलं सर खूश होतील.

"ये इकडे," सर म्हणाले. "तो गोल कसा झाला?"

"ती मला चुकवून गेली सर."

"चुकवून नाही गेली. तू तिला वाट करून दिलीस. या बसा, चहा घेणार का, असं. दगड होतीस तेव्हा निदान उपयोगाची होतीस. आता उशी झालीस."

मी म्हटलं, "सर, कार्ड नको म्हणून..."

"कार्ड नको म्हणून खेळूच नको, असं कोण म्हणालं तुला?"

त्या गोलच्या वेळी मागून आवाज आला नव्हता. मी वाट बघत होते. "आता" येईल, मग जाईन, असं. ती मुलगी माझ्या बाजूने निघून गेली आणि मी तशीच वाट बघत उभी. हे सरांना सांगितलं नाही, कारण ते दिपालीची चुगली केल्यासारखं झालं असतं. आणि तिची काय चूक? तिने "चार नंबर, डावीकडे" असं ओरडून सांगितलं होतं. सगळं बरोबर सांगितलं होतं.

७ डिसेंबर, रविवार

माहुलला गेले होते.

घरी सांगितलं, मैत्रिणीकडे नोट्स आणायला जाते. हे खोटं आहे. सुगंधा आत्याने तोंडाकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

चेंबूरहून बसने शेवटच्या स्टॉपला उतरले. रिफायनरीच्या त्या मोठ्या टाक्या, भिंती, तो वास, आणि मग एकदम गाव. दिपालीचं घर विचारावं लागलं नाही. दारासमोर मासे सुकवायच्या बांबूंवर बोंबलांच्या शेजारी तिचे गोलकीपिंगचे पॅड उन्हात टांगलेले होते. तिची आई पायरीवर बसून कोळंबी सोलत होती. पार्वतीमावशी. मॅच बघायला एकदाच आल्या होत्या.

"कोन पायजे?"

"दिपाली आहे का? मी तिच्या टीममधली. रुचिरा."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तूच कं ती, हात वर करनारी?"

माझं तोंड एवढंसं झालं असणार, कारण त्या एकदम हसल्या. "अगो, घाबरतंस कशाला? खरं बोललीस ना? मंग? दिपे! तुजी साक्षीदार आलीय बघ!"

दिपाली मागच्या दाराने आली. केस ओले, हात कोपरापर्यंत कोळंबीच्या पाण्याने भरलेले. मला बघून थांबली.

"सॉरी म्हणायला आलीस? म्हण आणि जा. बस अर्ध्या तासाने आहे, मग लवकर नाही."

"जेवून जाईल ती," मावशी म्हणाल्या. "तुमी आधी भांडून घ्या. तवर भात होतोय."

आम्ही बंदराकडे गेलो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि लांब, पाणी सुरू होतं तिथे, फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. मी त्यांच्याकडे बघत बसले, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

"मी चुकले असं म्हणता येणार नाही मला," मी म्हटलं. वाटेत हे वाक्य नीट ठरवलं होतं. "पाय लागला होता."

"लागला होताच. मला पण दिसला, यार. तुझ्या मागेच तर असते मी."

"मग?"

"मग काय मग? शिट्टी कोणाची? तुझी का अंपायरची?"

"पण मला माहीत होतं ना!"

"बरं, माहीत होतं. बोललीस. मोकळी झालीस. बॉल कोणी घेतला?" तिने बाही वर केली. दंडावरचा डाग आता पिवळा-हिरवा झाला होता, मधोमध गोल. "तुझं खरं, आणि अंग माझं. वा!"

मी बुटाला लागलेला चिखल दगडावर घासत राहिले.

"मी असं नाही म्हणत की खोटं बोल," ती जरा हळू म्हणाली. "एकदा मला सांगायचंस. नुसतं, दिपा, देतेय गं मी कॉर्नर. मी काय नको म्हणाले असते? तयार राहिले असते फक्त. मी तिथे आहे हेच विसरलीस तू. तू आणि तुझा तो हात."

मी तिला म्हणणार होते की मी काहीही विसरेन, पण ती मागे आहे हे कसं विसरेन. म्हटलं नाही. त्याऐवजी तिच्या दंडावरच्या त्या डागाला बोट लावलं. का लावलं, माहीत नाही. दुखतंय का बघायला असेल. तिने हात काढून घेतला नाही. मग म्हणाली, "कोळंबीचा वास लागेल तुला," आणि उठली.

भात आणि कोळंबीचं कालवण जेवलो. मावशी मला वाढत होत्या आणि तिला टोमणे मारत होत्या. "ही घरात पन असंच करतेय. रागावली का बोलनार नाय. चार-चार दिस. पन मासली वाटून घेताना बरोबर बोलतेय."

बसपर्यंत सोडायला आली. "मॅचमध्ये बोलेन," म्हणाली. "बाहेर अजून नको. अजून राग आहे मला."

"किती दिवस?"

"ए, रागाचं काय टाइमटेबल असतं का गं?"

हाताला अजून कोळंबीचा वास आहे. दोनदा साबण लावला. तिसऱ्यांदा लावला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

आत्याला सगळं सांगितलं. नोट्सचं खोटंही.

आत्याबद्दल इथे कधी नीट लिहिलं नाही, कारण ती घरातच असते. दम्यामुळे मला नवव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं. विक्रोळीच्या या दोन खोल्यांत सुगंधा आत्यानेच मला शिकवलं, कंपनीतली पाळी करून आल्यावर, पाटीवर. तिची एक रीत होती. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावला की त्या दिवशी जे काही चुकलं असेल ते मी आपणहून सांगायचं. कोणी विचारायच्या आधी. शिक्षा कधीच व्हायची नाही. सांगितलं की आत्या म्हणायची, "बरां," आणि कुळथाची पिठी वाढायची. बाकीच्या मुलांना शाळेत मार बसतो हे मला फार उशिरा कळलं. मला अजून तसंच होतं, चूक पोटात राहिली की श्वास लागतो.

आत्या तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "तूच शिकवलंस ना सांगायला? मग मी काय वाईट केलं?"

"मी तुका तुझी चूक सांगूक शिकवलंय," ती म्हणाली. मनापासून बोलायचं असलं की ती मालवणीत जाते. "सांगितल्यार आपल्याक हलकां वाटता. पण ज्येका सांगतंव, त्येचा काय होता, ह्या कोण बघतला?"

"म्हणजे सांगू नये?"

"असा मी म्हटलंय?" तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "माझी एक मैत्रीण होती कंपनीत. पॅकिंगला बाजूबाजूला बसायचो आम्ही. डबो एकच. तिका एकदा मी सगळा खराखरा सांगून मोकळी झालंय. मगे ती बदली मागून दुसऱ्या खात्यात गेली."

"काय सांगितलं होतंस एवढं?"

"होता कायतरी."

"तिची काही चूक झाली होती? तक्रार केलीस तिची?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग सूप हलवलं. "न्हय गो. चूक खंयची. ऊठ, कुकर लाव."

काय सांगितलं असेल? बहुतेक त्यांच्यात कामावरून काही झालं असणार. आत्या लोकांचं कधी वाईट बोलत नाही, म्हणून सांगितलं नसेल.

१३ डिसेंबर, शनिवार

फायनलला गेलो!

आणि ती बोलली. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांची लेफ्ट विंगर सुटून आली, माझे पाय आपोआप पुढे निघाले, आणि मागून, "थांब, रुची! थांब गं बाई, थांब..." मी थांबले. गुडघे वाकवले, स्टिक जमिनीवर आडवी. ती मुलगी जवळ, आणखी जवळ, मला तिचा श्वास ऐकू येत होता. "आता!" मी पूर्ण जोर लावून खाली गेले. स्टिक बॉलवर बसली, खटकन. ती मुलगी पडली. मी अंपायरकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात हलवून खेळा म्हणून खूण केली. बॉल माझ्याकडे होता. फाउल नव्हता. तितकाच जोर, तीच मी, आणि फाउल नव्हता.

सर बाहेरून ओरडले, "हे! हे पाहिजे!"

मला मॅचभर हसू येत होतं. माउथगार्ड होतं म्हणून बरं, कोणाला दिसलं नाही.

नंतर पाण्याच्या टाकीजवळ दिपाली तोंड धूत होती. मी तिच्या बाटलीत पाणी भरून दिलं. ती म्हणाली, "ती बिलासपूरची माणसं परत येतायत. फायनलला. सरांनी फोन केला होता."

"हो? झकास!"

"झालं तर जानेवारीत जायचं. हॉस्टेल, ट्रेनिंग, सगळं तिकडेच."

"आणि टीवायची परीक्षा?"

"येईन ना परीक्षेला. परीक्षेपुरती."

मी म्हटलं, "होणारच तुझं." अगदी लगेच म्हटलं. आवाजही बरोबर आला.

नीलम मागून म्हणाली, "बिलासपूरला समुद्र नाही हां दिपे. बोंबील कुरियर करायला लागतील."

"रुची करेल ना," दिपाली म्हणाली. "ती प्रामाणिक आहे, वाटेत खाणार नाही."

सगळ्या हसल्या. मीही.

१६ डिसेंबर, मंगळवार

जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. आज देवाजवळ उभी राहिले आणि तिचं होऊ दे असं म्हणायला तोंड उघडलं. म्हणता आलं नाही. नको होऊ दे, हेही म्हटलं नाही, पण न म्हणणं म्हणजे तेच झालं की.

तिला भाऊ नाही, वडील नाहीत, मावशी एकट्या मासळीची पाटी घेऊन चेंबूरच्या बाजारात बसतात. तिला ही नोकरी पाहिजे. मला का नको आहे? टीमसाठी, असं मनाला सांगून पाहिलं. पुढच्या वर्षी कीपर कोण? पण ती तर टीवायला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरी मिळाली नाही तरी पुढच्या वर्षी टीममध्ये नसणारच. म्हणजे टीमसाठी नाही.

मग कशासाठी, ते सापडत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

प्रॅक्टिसनंतर दिपाली थांबली. म्हणाली, "माझ्या आवाजाशिवाय थांबून दाखव." नीलमला बॉल दिला आणि स्वतः बाजूला मातीत मांडी घालून बसली, तोंडावर हात ठेवून. मी सात-आठ वेळा चुकले, दोनदा नीलमला आडवी केली. नीलम म्हणाली, "फायनलला कॅप्टन पाहिजे ना गं तुम्हाला? का स्ट्रेचरवरून टॉस करू?"

"कमरेकडे बघ तिच्या," दिपाली म्हणाली. "बॉलकडे नको बघू. बॉल खोटं बोलतो. कंबर नाही बोलत."

शेवटी एकदा जमलं. दिपालीने टाळ्या वाजवल्या. "बघ. पुढच्या वर्षी मी नसले तरी चालेल तुला."

"नाही चालणार," मी म्हटलं.

तिने वर पाहिलं. मी घाईने म्हटलं, "म्हणजे सराव पाहिजे अजून."

"हो," ती म्हणाली, मांडीवरची माती झटकत. "सराव पाहिजे."

२१ डिसेंबर, रविवार

आधी निकाल लिहिते, म्हणजे सुटले. एक-शून्य. जिंकलो. बिलासपूरहून आलेल्या टोपीवाल्या गृहस्थांनी मॅचनंतर मैदानात येऊन दिपालीशी हात मिळवला आणि मार्तंड सरांकडे तिची सर्टिफिकेटं मागितली. पत्र येईल, पण झालंच आहे असं सर म्हणाले. पार्वतीमावशींनी पहिल्यांदा तिला, मग मला, मग सरांनाही मिठी मारली. सर लाजले.

आता बाकीचं.

अंधेरीचा टर्फ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नीलमने गोल केला. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांची ती उंच फॉरवर्ड अर्ध्या रेषेवरून एकटी सुटली. आमच्या सगळ्या पुढे गेलेल्या. मी, आणि माझ्या मागे दिपाली.

"थांब, रुची. थांब..."

मी थांबले होते. खरंच थांबले होते. तिच्या कमरेकडे बघत होते. मग का कोण जाणे, मला ते दोघे गृहस्थ दिसले, स्टँडमध्ये पुढच्या रांगेत, एक टोपीवाला. मनात आलं, ही मला चुकवून गेली तर दिपाली आणि ती, दोघीच. आणि मी गेले. "आता" आलं नव्हतं. खांद्याने गेले. दोघी पडलो, ती माझ्यापेक्षा लांब पडली. डीच्या पुष्कळ बाहेर, म्हणून कॉर्नर नाही. पण अंपायरने पिवळं कार्ड काढलं. पाच मिनिटं बाहेर.

"थांब म्हटलं ना तुला!" दिपाली ओरडली. पूर्ण मैदानाला ऐकू गेलं.

हात वर करायची गरज नव्हती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हापासून मी एकच विचार करतेय. ती मुलगी पुढे गेली असती तर काय झालं असतं? गोल झाला असता, दिपालीची नोकरी गेली असती. किंवा दिपालीने तो अडवला असता, एकटीने, त्या दोघांच्या डोळ्यांसमोर, आणि तिथेच तिचं काम झालं असतं. मी तिला वाचवायला गेले, की तिला तो बॉल मिळू नये म्हणून गेले? त्या क्षणी मनात काय होतं ते मला आठवत नाही. खांद्याला आठवत असेल तर असेल.

सरांनी टेबलाजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं फक्त.

मी याआधीही कार्डं घेतली आहेत. दोन मिनिटांची. तेव्हा मी डोक्यावर टॉवेल घेऊन खाली बघत बसते, लाज वाटते म्हणून. आज टॉवेल डगआउटमध्येच राहिला. म्हणून समोर बघितलं.

दोन वर्षं मी दिपालीच्या पुढे खेळले, आणि मॅचमध्ये तिला कधी पाहिलंच नव्हतं. प्रॅक्टिसला पाहिलं आहे, पण तिथे ती मस्करी करत असते, अर्धे बॉल सोडून देते. ही वेगळीच होती. ती स्थिर उभीच राहत नाही. बॉल तिकडच्या टोकाला असला तरी तिची पावलं चालू, छोटी छोटी, एकदा या खांबाला हात लावून ये, एकदा त्या. सारखी बोलते. मला वाटायचं ती फक्त माझ्याशी बोलते. ती सगळ्यांशी बोलते, आणि कोणी लांब असलं तर स्वतःशी. माझी जागा रिकामी होती. ती दोन पावलं पुढे आली, मग आणखी दोन, जवळजवळ माझ्या जागेपर्यंत, आणि तिथून ओरडून इतरांना हलवू लागली.

समोरच्या मुली सगळ्या बाजूंनी आल्या. एक फटका तिने पायाने उडवला. एक अंग टाकून. तिसऱ्या वेळी ती आडवी पडली होती, उठायला वेळ नव्हता, तिने पडल्या पडल्या हात वर केला आणि बॉल ग्लव्हला लागून बाहेर गेला. तोच हात. स्टँडमधला टोपीवाला उभा राहिला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची त्यांच्या टीमची मुलगी म्हणाली, "काय खाते काय ही?" मी तिला सांगणार होते. कोळंबी, म्हणणार होते.

त्याच वेळी मला समजलं की ती जाणार. टोपीवाला उभा राहिला म्हणून नव्हे. ती तशी खेळतच होती म्हणून. आणि माझ्या मनात पहिल्यांदा, देवाजवळ नाही, तिथे खुर्चीत, आपोआप आलं की होऊ दे. होऊ दे हिचं. आणि श्वास लागला नाही.

टेबलवरच्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. "चार नंबर, झाली वेळ. जा आत."

मी ऐकलं. स्टिक हातात होती. बॉल कोपऱ्यात त्यांच्याकडे होता, आणि दिपाली गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती, तोंड उघडं, जाळीतून वाफ येत असल्यासारखी, आणि डोळे बॉलवर. केस हेल्मेटच्या मागून सुटून मानेला चिकटले होते.

"अगं ए पोरी! जा ना! एक कमी आहे तुमची आत!"

हो, म्हटलं मी. जाते. एवढा बॉल तिला खेळताना बघून होऊ दे, असं मला वाटत होतं. एवढा एकच.